देणगीदाराचे नाव

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शाळेत जडसंग्रह नोंदवहीची पडताळणी असते. बाक मोजायचे, मोडक्या खुर्च्यांच्या पाठीवर खडूने 'बाद' लिहायचं, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांचा आकडा जुळेपर्यंत त्या पुन्हा पुन्हा मोजायच्या. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं लहानसं गाव. संगणकाची खोली टिनाची, कूलरचं खस वाळून खडखडीत झालेलं आणि कुंपणापाशी पळसाच्या पाकळ्यांचा सडा. पडताळणीला आलेले अधिकारी शांत स्वभावाचे होते. त्यांनी दहा संगणक मोजले, सगळ्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात तो स्विच मोजला, बॅटऱ्या मोजल्या. माझ्या टेबलावरच्या पडद्यावर दहाही संगणकांची छोटी छोटी चित्रं दिसत होती. तिकडे थोडा वेळ बघून त्यांनी विचारलं, "मॅडम, हे सॉफ्टवेअर केव्हा घेतलं? नोंद दिसत नाही." मी म्हटलं, "विकत नाही घेतलं सर, मोफत आहे." "मग देणगीत दाखवा," ते म्हणाले. "किंमत शून्य चालते. देणगीदाराचं नाव मात्र लागेल." आमच्या बाबूंनी लगेच पेनचं टोपण काढलं, निब रकान्यावर टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मला नाव सांगता आलं नाही.

आमच्या शाळेत नाव नसलेली वस्तू सापडणं कठीण आहे. पंख्यांच्या पात्यांवर लाल ऑइलपेंटने 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतं. पंखा सुरू झाला की ती नावं एका लाल कड्यात विरघळतात आणि लाईन गेली की हळूहळू पुन्हा वाचता येऊ लागतात. पाण्याच्या टाकीवर नाव आहे, घंटेवर आहे, व्हरांड्यातल्या घड्याळावर १९९४ च्या दहावीच्या तुकडीचं नाव आहे. मी स्वतः याच भागातल्या शाळेत शिकले. भूमितीच्या तासाला जीव कंटाळला की पंख्यावरचं आडनाव शेवटाकडून वाचत बसायची. मोठेपणासाठी नाव लिहून घेणारेही असतात, पण बहुतेकदा ते गेलेल्या आईचं नाव असतं, नाहीतर एखाद्या तरण्या पोराचं. देणाऱ्याचं नाव लिहायचंच, ही इथली रीत आहे आणि ती मला आवडते. त्या दुपारी मात्र लक्षात आलं, की ज्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये असते त्या खोलीत सगळ्यात जास्त राबणारी साधनं बिननावाची आहेत. अधिकारी पुढच्या खोलीत गेले. बाबूंनी तो रकाना तसाच सोडला आणि पेन्सिलीने बाजूला एक फुली केली. ती फुली मला त्या रात्री घरी पोळ्या लाटतानाही दिसत होती.

मी गणिताची शिक्षिका. संगणक आले तेव्हा त्यांच्याबरोबर करारावरचे एक शिक्षकही आले होते. पाच वर्षांचा करार संपला, ते गेले आणि संगणक राहिले. दोन वर्षं खोलीला कुलूप होतं. उघडली तेव्हा उंदरांच्या लेंड्यांचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, एका सीपीयूच्या मागच्या जाळीत कुंभारणीने मातीचं घर केलेलं होतं. दहापैकी सात सुरू झाले. एकाचे भाग दुसऱ्यात घालून आणि एका माजी विद्यार्थ्याने दिलेला जुना संगणक धरून पुन्हा दहा झाले. त्यांना विंडोज पेलवत नव्हतं. मी तालुक्याच्या गावी भावाच्या घरी रात्रभर डाउनलोड लावून पेनड्राइव्हवर लिनक्स आणलं, विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. पहिला संगणक लावायला एक अख्खा शनिवार गेला. उरलेल्या नऊंना नऊ शनिवार लागले असते, पण मध्येच क्लोनझिला सापडलं. एक संगणक मनासारखा लावायचा आणि त्याची हुबेहूब प्रत बाकीच्यांवर उतरवायची, एवढंच त्याचं काम. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात ते तयार झालं. केंद्राच्या नावावरून वाटतं तिथे फक्त मोठमोठ्या यंत्रांची कामं चालत असतील, पण त्याच लोकांनी वर्गखोल्यांसाठीही डोकं लावलं. शनिवारी दुपारी शेवटच्या संगणकावर प्रत उतरली आणि मला साडेतीनची एसटी मिळाली. त्या एसटीत खिडकीशी बसून मी काय विचार केला ते आठवत नाही. हे कुणी दिलं, हा विचार मात्र केला नव्हता.

डिसेंबरात नेट लपंडाव खेळू लागलं. दहा मिनिटं असायचं, दोन मिनिटं गायब. तालुक्याहून आलेल्या दुरुस्तीवाल्याने सगळी वायर नव्याने टाकावी लागेल म्हणून सांगितलं आणि जो आकडा सांगितला तो आमच्या वर्षाच्या सादिल खर्चापेक्षा मोठा होता. तो गेल्यावर मी पिंग लावलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: काळ्या पडद्यावर एक आज्ञा द्यायची, की आपला संगणक दुसऱ्या यंत्राला दर सेकंदाला हाक मारतो. ते यंत्र जागं असेल आणि मधली वाट शाबूत असेल तर ओ येते आणि पडद्यावर एक ओळ उमटते. ओ आली नाही तर ओळ उमटत नाही. मी राउटरला, म्हणजे बाहेरचं नेट शाळेत आणणाऱ्या खोक्याला, १९२.१६८.१.१ या त्याच्या पत्त्यावर हाक लावली. ओळी येत होत्या, मध्येच थांबत होत्या. वाट कुठेतरी तुटत होती, पण कुठे? वायर या खोलीतून निघून व्हरांड्याच्या वाशावरून मुख्याध्यापकांच्या खोलीत जाते. एकाच वेळी मी पडद्यासमोर आणि वाशाखाली असू शकत नव्हते.

खोलीत सातवीतली एक पोरगी होती. दिवाळीनंतर तिची हजेरी विरळच, घरचे सगळे कापूस वेचणीला जातात आणि तीही जाते. त्या दिवशी आली होती आणि बोटांच्या पेरांवर बोंडांच्या टोकांचे ओरखडे होते. ज्वारीवरची पाखरं राखून राखून तिचा आवाज असा तयार झालाय की प्रार्थनेला माईक लागत नाही. तिला पडद्यासमोर बसवलं आणि सांगितलं, ओळ आली की ओरडायचं, नाही आली की गप्प. ती म्हणाली, "ओळ आली का 'आहे' म्हणतो, मॅडम." मी स्टूल घेऊन व्हरांड्यात आले. आतून आवाज सुरू झाला: "आहे… आहे… आहे… आहे…" मी वायर हातात धरून, वीतभर हलवत, पुढे सरकत होते. वाशावरच्या जळमटांनी केस भरले. आठवीचा वर्ग खिडकीत गोळा झाला, त्यांच्या सरांनीही त्यांना हटकलं नाही. "आहे… आहे…" मुख्याध्यापकांच्या खिडकीपाशी, जिथे वायर भोकातून आत जाते तिथे मी ती जरा दाबली आणि आतला आवाज बंद झाला. सोडली. "आहे!" पुन्हा दाबली. गप्प. सगळी शाळा गप्प. खारीने तिथे वायर कुरतडली होती, आतलं तांबं एका केसाएवढं जोडलेलं होतं.

दुरुस्ती स्वस्तात झाली. हातभर वायर कापून टाकली, टोकाला नवा कनेक्टर चिमटीने दाबून बसवला. आतल्या आठ तारांचा रंगक्रम पोरांना मी पाढ्यासारखा पाठ करून घेतला आहे: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्याने हिरव्या जोडीच्या मध्ये येऊन बसायचं, तिथेच सगळे चुकतात. कनेक्टर बसला, हाक लावली आणि ओळी न थांबता धावू लागल्या तेव्हा ती पोरगी खुर्चीवरून उठली नाही. बराच वेळ ओळी बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हे जागलीवानीच झालं नं, मॅडम." मी विचारलं, कसं? "आमचा बाप रात्री जागलीले जाते. रानडुकराईचा तरास हाये नं. माळ्यावरून हाक देते. तिकडल्या वावरातून काका ओ देते. ओ नाही आली तर बाप उठून पाहाले जाते." मी दोन वर्षं नेटवर्क शिकवत होते आणि इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं.

पडताळणीच्या रात्री, पोळ्या झाल्यावर, मी मोबाईलवर शोधायला बसले. हाक मारणारं हे साधन मायकेल मूस नावाच्या माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलं. अमेरिकेत मेरीलँडमध्ये सैन्याची तोफगोळ्यांच्या संशोधनाची प्रयोगशाळा होती, तिथे तो कामाला होता. तिथलं नेटवर्क विचित्र वागत होतं, म्हणून एका संध्याकाळी बसून त्याने हजारेक ओळी लिहिल्या आणि कुणाचाही हक्क न ठेवता सगळ्यांसाठी खुल्या करून टाकल्या. पाणबुडीतलं सोनार खोल पाण्यात आवाज सोडतं आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखतं, त्या आवाजावरून नाव ठेवलं पिंग. पुढे त्याने लिहून ठेवलंय, की आयुष्यातलं हेच काम सगळ्यात जास्त गाजणार हे ठाऊक असतं तर आणखी एकदोन दिवस दिले असते. तोफगोळ्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेली वस्तू आमच्या पोरांच्या हाताशी येते याचं काय करायचं ते मला कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. पण त्याच पानावर त्याने आवडता म्हणून दुसऱ्या कुणाचा एक किस्सा सांगितला आहे. त्या माणसाच्या इमारतीतही नेट येत-जात होतं. त्याने दर सेकंदाला संगणक मोठ्याने 'पिंग, पिंग' ओरडेल अशी सोय केली, आवाज स्पीकरला जोडून कानठळ्या बसतील इतका वाढवला आणि इमारतभर फिरत एकेक जोड हलवत गेला. आवाज थांबला तिथे दोष सापडला.

मी मोबाईल खाली ठेवला. व्हरांड्यातलं ते स्टूल, केसांतली जळमटं आणि आतून येणारा "आहे… आहे…" आवाज. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आमच्या आधी नेमकं हेच केलं होतं. मायकेल मूस २००० च्या नोव्हेंबरमध्ये मोटार अपघातात गेला. वय बेचाळीस, म्हणजे माझ्या आजच्या वयापेक्षा एका वर्षाने लहान.

त्याच रात्री दुसरं नावही शोधलं. फेब्रुवारीत मुख्याध्यापकांच्या खोलीत कुणीतरी नवं वायफायचं खोकं आणून आमच्या स्विचला जोडून दिलं होतं, भल्यासाठीच. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पडद्यावर दहापैकी सहाच चित्रं. वायरी हलवून झाल्या, पिंग करून झालं, काही उमगेना. शेवटी वायरशार्क उघडलं. हे साधन वायरीतून जाणारा एकेक निरोप पकडून वाचायला देतं. संगणक सुरू झाला की आधी विचारतो, मला पत्ता कोण देईल? त्याला एकाच यंत्राने उत्तर द्यायला हवं. वायरशार्कमध्ये स्पष्ट दिसलं, विचारणारा एक आणि सांगणारे दोन. जुना राउटर १९२.१६८.१ चे पत्ते वाटत होता, नवं खोकं १९२.१६८.० चे. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचं संगणक ऐकत होते, त्यामुळे चार जण चुकीच्या वाटेला लागले होते. नव्या खोक्यातली पत्ते वाटायची सोय बंद केली आणि चौघंही परत आले. हे मला माझ्या कोणत्याच पुस्तकात सापडलं नसतं. जेराल्ड कॉम्ब्स नावाचा माणूस नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एका लहान इंटरनेट कंपनीत होता. त्या वेळी असलं साधन विकत घ्यायचं तर दीड हजार डॉलरच्या आसपास पडायचं आणि ते त्याच्या कंपनीतल्या यंत्रांवर चालतही नव्हतं. म्हणून त्याने स्वतः लिहायला घेतलं, १९९८ मध्ये इथेरियल नावाने सगळ्यांना दिलं. २००६ मध्ये नोकरी बदलली तेव्हा जुन्या नावाचा हक्क मागेच राहिला, म्हणून नवं नाव ठेवलं वायरशार्क. परवडत नव्हतं म्हणून लिहिलं, हे वाचून मला त्या माणसाबद्दल एकदम घरचं वाटलं. आमच्याकडे परवडत नाही म्हणून लोक डवऱ्याला सायकलचं चाक लावतात, आणि एकाने लावलेलं पाहून पुढच्या हंगामात अख्ख्या शिवारात तसेच दिसतात.

दहा चित्रं दाखवणारं, ज्यावरून हे सगळं सुरू झालं, ते वेयॉन. जर्मनीतल्या टोबियास युंगहान्स यांचं काम, आधी ते आयटाल्क नावाने होतं. त्याच्याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. एका जागी बसून प्रत्येक पोराचा पडदा दिसतो, हवा तेव्हा कुलूप लावता येतं, मला दिसतंय ते सगळ्यांना दाखवता येतं. पण कुणाच्या पाठीमागून त्याच्या पाटीत डोकावणं मला लहानपणीही आवडत नव्हतं. पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की मला दिसतं. एकदा सात नंबरवरचा नववीतला पोरगा चित्र काढायचं सोडून दुसरंच काही बघत होता. मोठं करून पाहिलं तर हिंगणघाटचा कापसाचा भाव. घरात कापूस पडून होता, विकायचा की थांबायचं यावर बापाचं आणि आजाचं वाजलं होतं, हे मला नंतर कळलं. मी त्याचा पडदा बंद केला नाही. तासाच्या शेवटी सगळ्यांना तोच तक्ता दाखवला आणि आठवड्याच्या भावांची सरासरी काढायला लावली.

सगळंच फुकट चांगलं असतं असं मी म्हणत नाही. सुरुवातीला एका पानावरच्या मोठ्या हिरव्या बटणावर दाबून मी माझ्या घरच्या लॅपटॉपवर भलतंच काहीतरी घेऊन बसले होते. ते काढायला दोन दिवस गेले. त्याच्याही आधी, नोकरीच्या पहिल्या वर्षांत, मी कॉपी केलेल्या सीड्या वापरल्या आहेत, पन्नास रुपयांच्या. त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं, आता वाटतं. पोरांचा मोबाईल नंबर मागून मग फुकट देणारी ॲपं मी खोलीत येऊ देत नाही. ज्यांच्याबद्दल मी लिहितेय ती साधनं तशी नाहीत. वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, असं त्यांच्या परवान्यातच लिहिलेलं आहे. आमच्या घरी नव्या तुरीची पहिली डाळ निघाली की आई चार घरी वानोळा पाठवायची, आणि त्या घरांतून भांडं कधी रिकामं परत यायचं नाही, निदान चार मिरच्या तरी असायच्या. मला राहून राहून ते भांडं आठवतं. यांचं भांडं वर्षानुवर्षं माझ्याकडे पडून आहे. एकदा देणगीचं पान उघडलं होतं, तिथे डॉलर होते आणि माझ्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद. मग एवढंच केलं, की मला जे उमगलं ते मराठीत वहीच्या आठ पानांवर लिहिलं, रंगक्रमाचं चित्र काढलं आणि आसपासच्या शाळांत झेरॉक्स वाटल्या. आता रात्री साडेनऊला फोन येतात, "मॅडम, हिरवा लाईट लागला, पण नेट नाही जी."

हे मी शिक्षक खोलीत सांगितलं तेव्हा आमच्या एका सरांनी जे विचारलं ते मला लागलं. "मग देणगीदारात तुमचंही नाव घाला ना. तुम्ही कोणत्या पगारात हे करता?" चेष्टा नव्हती ती, त्यांचा राग माझ्या बाजूनेच होता. "तुम्ही फुकट करता म्हणून इथे माणूस नेमत नाहीत," ते म्हणाले. मला त्यांचं खोडून काढता आलं नाही. साधन कुणी दिलं तर घ्यावं, पण ते चालवणाऱ्या माणसाला पगारच हवा, आणि माझ्या शनिवारांकडे बोट दाखवून तो वाचवला जात असेल तर माझ्या हातून चूक होतेय. मुख्याध्यापकांकडून मी संस्थेला पत्र पाठवून घेतलं आहे, संगणकासाठी वेगळी जागा मागितली आहे. उत्तर आलेलं नाही. तोवर खोली बंद ठेवायची का? ओरखडलेल्या बोटांची ती पोरगी डोळ्यांसमोर येते आणि पुढचा विचार होत नाही.

पडताळणीनंतरच्या सोमवारी बाबू नोंदवही घेऊन माझ्या खोलीत आले. पेन्सिलीची फुली तशीच होती. मी वायरशार्क उघडून त्यात लेखकांची यादी कुठे असते ते दाखवलं. जेराल्ड कॉम्ब्सच्या खाली एक नाव, त्याखाली दुसरं, मी सरकवत राहिले आणि यादी संपेना. बाबू वाकून बघत होते. "इतके देणगीदार?" त्यांनी रकान्याची रुंदी बोटांनी मोजली, दोन बोटं. "एक नाव आन् इतर लिवू का?" मी म्हटलं लिहा. त्यांचं अक्षर सुरेख आहे, शाळेच्या दाखल्यावर शोभणारं. एका खाली एक वस्तू लिहिल्या, नग दहा, किंमत शून्य.

पहिल्या ओळीवर त्यांनी पेन थांबवलं. मायकेल मूस, मेरीलँड. "याईच्या नावापुढं कै. लावू का, मॅडम?"

"लावा."

त्यांनी लावलं. मग खालच्या ओळीवर आले. "जेराल्ड कॉम्ब्स. याईच्या?"

"नाही," मी म्हटलं. "ते आहेत."